धुणी चव्हाट्यावर धुवा!

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला एसटीच्या रांगेत उभे असाल, तर आजूबाजूच्या बॅगांकडे जरा बघा. फुगलेल्या, कशाही कोंबलेल्या, चेन जेमतेम लागलेली. त्याच बॅगा सोमवारी सकाळी परत येताना बघा. आता त्या चौकोनी झालेल्या असतात. आत कपड्यांच्या घड्या, घड्यांवर चिवड्याचा डबा. दोन दिवसांत बॅगेचा हा कायापालट कोण करतं, हे काही गुपित नाही. आपण 'घरी चाललोय' म्हणतो, तेव्हा आपल्याबरोबर आठवड्याचं, कधी पंधरवड्याचं धुणंही घरी निघालेलं असतं. साताऱ्याला, सोलापूरला, सांगलीला, अहिल्यानगरला. आपण येणार म्हणून आईला आनंद असतोच. पण शनिवारी सकाळी आपण लोळत असताना त्या बॅगेसमोर बसलेली असते तीही तीच.

मराठीत एक जुना सल्ला आहे. घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत. घरातली भांडणं, भानगडी घरातच मिटवा, असा त्याचा अर्थ. मला मात्र तो आज शब्दशः घ्यायचाय आणि उलटा करायचाय. हॉस्टेलमध्ये, पीजीत, कॉट बेसिसवर राहणाऱ्या आपण सगळ्यांनी आपली धुणी खुशाल चव्हाट्यावर धुवावीत, असं माझं म्हणणं आहे. म्हणजे एका सार्वजनिक जागेत, चार लोकांच्या देखत, स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या पैशानं. अशा जागेला जगात लाँड्रोमॅट म्हणतात. आपल्याकडे ती शोधावी लागते. आणि ती का शोधावी लागते, याचं उत्तर फारसं सुखाचं नाही.

चाळीस पावल्या

लाँड्रोमॅट तुम्ही बघितलाय. 'फ्रेंड्स'च्या पहिल्या सीझनमध्ये रेचल आयुष्यात पहिल्यांदा कपडे धुवायला जाते आणि पांढऱ्या कपड्यांत एक लाल मोजा राहून गेल्यामुळे तिचं सगळं धुणं गुलाबी होतं, तो एपिसोड आठवा. 'बिग बँग थिअरी'तला शेल्डन दर शनिवारी रात्री सव्वाआठला धुणं घेऊन इमारतीच्या लाँड्री रूममध्ये जातो, ते आठवा. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' या सात ऑस्कर मिळवणाऱ्या सिनेमातल्या कुटुंबाचा धंदाच लाँड्रोमॅटचा आहे. आपण हे सगळं बघतो, हसतो आणि पुढे जातो. कपडे धुवायला बाहेर कशाला जायचं, हा प्रश्न काही आपल्याला पडत नाही.

मला तो पडला माझ्या मावसभावामुळे. दादा न्यू जर्सीत एमएस करतो. त्याच्या जुन्या इमारतीत मशीन नाही. दोन चौक पलीकडे एक लाँड्रोमॅट आहे, अगदी जुन्या वळणाचा. ॲप नाही, कार्ड नाही, मशीन फक्त नाणी खातं. एका बाजूला वॉशरची रांग, भिंतीत ड्रायरची गोल काचेची दारं, मधे घड्या घालायला लांबलचक टेबल, चाकांच्या जाळीच्या ट्रॉल्या आणि बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. दर दोन-तीन आठवड्यांनी दादा भारतातून नेलेली मोठी सुटकेस कपड्यांनी भरतो आणि फुटपाथवरून ओढत तिकडे नेतो. त्याआधी बँकेतून क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा रोल आणतो. एका रोलमध्ये चाळीस नाणी, दहा डॉलर. हे व्हिडिओ कॉलवर ऐकल्यावर आजी म्हणाली, "म्हणजे पावलीच की रे! चाळीस पावल्या मोजून कपडे धुतोस?"

धुतो. आणि नीट धुतो. गडद कपडे एका मशीनमध्ये, पांढरे आणि फिके दुसऱ्यात. चादरी आणि जीन्स असल्या की मोठं मशीन. साबण घालायचा, पावल्या सरकवायच्या, दार लावायचं. अर्ध्या-पाऊण तासानं ओलं धुणं ट्रॉलीत काढायचं, ड्रायरपाशी न्यायचं, पुन्हा पावल्या. ड्रायरची जाळी आधी साफ करायची, कारण आधीच्या माणसाच्या कपड्यांचा भुसा तिच्यात अडकलेला असतो. मग गरम गरम कपडे टेबलावर ओतायचे आणि घड्या घालायच्या. गार झाले की सुरकुत्या बसतात, म्हणून लगेच. एवढ्या सगळ्यात दोन तास जातात.

मशीन लावून निघून जायची सोय तशी आहे. पण मशीन थांबलं आणि तुम्ही जागेवर नसलात, तर पुढच्या नंबरचा माणूस तुमचे कपडे काढून टेबलावर ठेवतो. म्हणून सगळे बसून राहतात. दादा सांगतो, पहिल्या दोन वेळा त्याला फार लाज वाटली. काचेच्या दारामागे आपले बनियन सगळ्यांसमोर गरागरा फिरताहेत! मग त्यानं आजूबाजूला बघितलं. गणवेशातला बस ड्रायव्हर, एक म्हाताऱ्या बाई, तान्ह्या बाळाला घेऊन आलेलं जोडपं, एक सिक्युरिटी गार्ड. "तिथे कोणी कोणाच्या कपड्यांकडे बघत नाही," तो म्हणाला, "कारण प्रत्येकाचे फिरत असतात."

आता महत्त्वाचा भाग. याच दादानं पुण्यात इंजिनीअरिंगची चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत त्याचं धुणं दर पंधरा दिवसांनी मावशीकडे जायचं. रुमालसुद्धा. अमेरिकेत गेल्यावर तो महिनाभरात सगळं शिकला. मुलगा तोच, हात तेच. फरक एवढाच की न्यू जर्सीहून मावशीकडे एसटी जात नाही.

मशीन नाही, मशीनचा तास

हे लाँड्रोमॅट प्रकरण सुरू कुठून झालं? १८ एप्रिल १९३४ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ शहरात 'वॉशेटेरिया' नावाची एक जागा उघडली. आत विजेवर चालणारी चार मशीन होती आणि ती तासाच्या भाड्यानं मिळायची. तो महामंदीचा काळ. घरात वॉशिंग मशीन घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं. मशीन परवडत नसेल तर मशीनचा तास विकत घ्या, अशी साधी कल्पना. पुढे १९४९ मध्ये लंडनच्या क्वीन्सवेवर तिथलं पहिलं स्वयंसेवा धुणंघर सुरू झालं. 'लाँड्रोमॅट' हे खरं तर वेस्टिंगहाउस कंपनीच्या मशीनचं नाव. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसं ते त्या सगळ्या जागांना चिकटलं.

त्याआधी हे काम कोण करायचं, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या घरचं धुणं कृष्णवर्णीय बायका धुवायच्या. १८८१ मध्ये अटलांटा शहरात या धोबिणींनी वाढीव दरासाठी संप केला. वीसेक जणींनी सुरू केलेली संघटना तीन आठवड्यांत तीन हजारांवर गेली. पुढे लाँड्रोमॅट आले तेव्हा याच दक्षिणेत काही ठिकाणी 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या लागल्या. म्हणजे कृष्णवर्णीय बाईनं मालकाचे कपडे हातानं धुतलेले चालायचे, पण ज्या मशीनमध्ये तिचे कपडे फिरले त्यात आपले घालायचे म्हटलं की विटाळ! ही गोष्ट वाचताना आपल्याला काहीतरी ओळखीचं वाटतं ना? वाटायलाच हवं.

लाँड्री म्हणजे दुसरं कुणीतरी

मराठीत आपण 'लाँड्री' कशाला म्हणतो? कपडे नेऊन द्यायच्या दुकानाला. इंग्रजीत तो शब्द आधी धुण्यासाठी आहे, कामासाठी आहे. आपल्याकडे येताना त्यातलं काम गळलं आणि 'देऊन येणं' तेवढं उरलं. यात शब्दाची चूक नाही. आपल्याकडे धुणं ही पिढ्यानपिढ्या दुसऱ्या कुणावर तरी सोपवायची गोष्ट आहे. गावगाड्यात ती परिटाकडे होती. बारा बलुतेदारांतला तो एक. लोकांचा मळ काढायचा, कडक परीटघडी घालून कपडे परत द्यायचे आणि बदल्यात सुगीला बलुतं घ्यायचं. परीटघडी हा शब्द आपण अजून कौतुकानं वापरतो. घडी घालणाऱ्याच्या वाट्याला मात्र ते कौतुक आलं नाही.

मुंबईत महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट दिसतो. १८९० सालचा. सिमेंटच्या हौदांच्या रांगा, प्रत्येक हौदाला कपडे आपटायचा दगड, वर दोऱ्यांवर हारीनं वाळणारे शर्ट आणि चादरी. परदेशी पाहुणे पुलावर उभे राहून फोटो काढतात, आपणही स्टोरी टाकतो. साबणाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून दिवस काढणारा माणूस त्या फोटोत ठिपक्याएवढा येतो.

गाडगेबाबा परीट कुटुंबात जन्मले, १८७६ मध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात. लोकांचा मळ काढण्याचं काम ज्या जातीवर लादलं होतं, त्या जातीतला माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव गेला. आधी स्वतः रस्ता झाडला आणि मग लोकांना तुमची घाण तुम्ही काढा, असं शिकवलं. आपण त्यांचं नाव विद्यापीठाला दिलं, ग्रामस्वच्छता अभियानाला दिलं. जयंतीला खराटा घेऊन फोटोही काढतो. त्या दिवशी अंगात घातलेला पांढरा कुर्ता कोणी धुतलाय, हे मात्र विचारत नाही.

शहरात परीट मागे पडला आणि धुणं घरातल्या बाईकडे किंवा धुण्याभांड्याच्या मावशींकडे गेलं. 'टाइम यूज सर्व्हे' म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो, याची केंद्र सरकारनं केलेली मोजणी. २०१९ च्या या मोजणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. जे पुरुष हे काम करत होते, ते दिवसाला सरासरी ९७ मिनिटं करत होते, बायका २९९ मिनिटं. २०२४ ची मोजणी आली तेव्हा बायकांची मिनिटं होती २८९. चला, दहा मिनिटं तरी सुटली. पुरुषांची? ९७ वरून ८८. म्हणजे पाच वर्षांत दोघांचंही काम कमी झालं, पण बाईच्या हातचं पुरुषानं काही घेतलं नाही. या मिनिटांत स्वयंपाक आहे, केर आहे, भांडी आहेत. आणि तुमची-माझी शुक्रवारची बॅगही आहे.

दोरीवरचं राजकारण

आता हॉस्टेलात या. आमच्या पीजीत पस्तीस मुलींत दोन मशीन आहेत आणि प्रत्येकीचा वार ठरलेला. माझा बुधवार. बुधवारी वीज गेली की गोष्ट पुढच्या बुधवारवर. मग बादली, ब्रश आणि बाथरूमची फरशी. गच्चीत दोऱ्या आहेत, पण रस्त्याकडच्या दोरीवर आतले कपडे वाळत घालायचे नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही, तो पहिल्या दिवशी काकू हळू आवाजात सांगतात. मग ब्रा ओढणीखाली, निकर टॉवेलखाली. पावसाळ्यात तर हे कपडे दोन-दोन दिवस ओलसरच राहतात. ज्या कपड्यांना खणखणीत ऊन लागायला हवं तेच आपण सावलीत लपवतो आणि मग बुरशीच्या संसर्गाचं मलम आणायला मेडिकलमध्ये जातो. तिथेही हळू आवाजात.

शेजारच्या मुलांच्या हॉस्टेलच्या गॅलऱ्या बघा. कठड्यावर चड्ड्यांचं प्रदर्शन भरलेलं असतं. त्यांना कोणी काही म्हणत नाही. आणि म्हणूही नये, ते बरोबरच आहे. आम्हालाही म्हणू नये, एवढंच.

हा लेख लिहिण्याआधी ओळखीच्या मुलांना विचारलं, कपडे धुण्याचं काय करता? उत्तरं तुमच्याही परिचयाची असतील. "वास घेऊन ठरवतो." "जीन्स धुवायची नसते गं, जीन्स मुरते." "किलोवर देतो." आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर, "घरी नेतो." रोज आंघोळीबरोबर आपले कपडे खळबळून टाकणारीही मुलं भेटली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या आया शेतात किंवा दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात. त्यांना ही सवय लहानपणापासून आहे आणि त्याचं त्यांना काही विशेषही वाटत नाही. उलट बॅग घरी नेणाऱ्यांत मुली अजिबात नाहीत, असंही नाही. पण मुलगी बॅग घेऊन गेली तर निदान एक टोमणा तरी मिळतो. "सासरी काय करशील?" मुलाला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तू कुठेही गेलास तरी काय करशील?

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

'घरी ऑटोमॅटिक मशीन आहे, आईला काय त्रास?' बरं, मोजूया. खिसे तपासणं, रंगीत-पांढरं वेगळं करणं, कॉलर आणि बाह्यांना साबण लावून घासणं, मशीन लावणं, कपडे काढणं, झटकणं, वाळत घालणं, पाऊस आला की पळत जाऊन काढणं, घड्या घालणं, बॅगेत भरणं. या दहा कामांतलं मशीन किती करतं? एकही पूर्ण नाही, आणि ते लावावंही लागतं. एका डिटर्जंट कंपनीनं २०१५ मध्ये 'शेअर द लोड' नावाची मोहीम काढली, तेव्हा त्या जाहिराती आपण सगळ्यांनी डोळे पुसत फॉरवर्ड केल्या. फॉरवर्ड करणं सोपं होतं.

'मग मावशींचं, धोबीकाकांचं काम जाईल त्याचं काय?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. इस्त्री, साड्या, गाद्यांच्या खोळी, ब्लँकेटं यांचं काम राहणारच. आणि देणार असाल तर जरूर द्या, फक्त भाव पाडू नका. किलोला चार रुपये कमी करून घेताना आपल्याला फार हुशार झाल्यासारखं वाटतं. माझा मुद्दा पैसे घेऊन धुणाऱ्यांबद्दल नाहीच. जी पैसे न घेता धुते, तिच्याबद्दल आहे.

'ॲपवर बोलावलं की पोरगा येऊन घेऊन जातो.' जातो ना. परीक्षेच्या दिवसांत मीही बोलावीन. पण बावीस वर्षांच्या धडधाकट माणसाची ती कायमची व्यवस्था असू शकत नाही. पैसेही बघा. कॉलेजच्या खोलीत सामायिक मशीन असेल, तर एका धुण्यामागे साबण, वीज, पाणी आणि देखभाल एवढाच खर्च.

'वेळ कुठे आहे?' लाँड्रोमॅटचं खरं सुख तर तिथेच आहे. मशीन फिरतंय तोवर तुम्हाला दुसरं काही करता येत नाही आणि कोणी काही सांगतही नाही. इंटर्नलचं एक युनिट वाचून होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाशी ओळख होते. दादाला घड्या घालायला शिकवलं ते तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईंनी. घरी धुणं हे एकटीचं काम असतं. चार लोकांत केलं की ते तेवढं जड वाटत नाही. पाणवठ्यावर, नदीवर जाणाऱ्या आपल्या आज्यांना हे माहीत होतं. तिथे कष्ट होते, पण गप्पाही होत्या. नळ घरात आला, कष्ट कमी झाले आणि बाई न्हाणीघरात एकटी पडली.

आणि शेवटचा 'पण'. 'मला येतच नाही.' तर हे घ्या. कापून ठेवा.

पहिलं मोठं धुणं काढताना

• सगळे खिसे उलटे करा. एक कागदी टिश्यू किंवा बसचं तिकीट सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरा चुरा पसरवतं.

• तीन ढीग करा : पांढरे, फिके, गडद. नवा लाल किंवा निळा कपडा पहिल्या दोन-तीन धुण्यांना एकटाच धुवा. रेचलला विसरू नका.

• कपड्याच्या आतली चिठ्ठी वाचा. टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे पाण्याचं जास्तीत जास्त तापमान. टबात हात दिसला तर हातानं धुवायचं. त्रिकोण ब्लीचबद्दल सांगतो, चौकोनातलं वर्तुळ ड्रायरबद्दल. फुली असेल तर ते करायचं नाही.

• ड्रम गच्च भरू नका. वर हात आत जाईल एवढी जागा हवी. कपडे एकमेकांवर आपटले नाहीत तर मळ निघत नाही.

• जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ, हा गैरसमज आहे. साबण कपड्यात राहतो, कपडे कडक होतात, अंगाला खाज सुटते.

• रक्ताचे डाग थंड पाण्यातच धुवा. गरम पाण्यानं ते पक्के बसतात. हे मुलींना माहीत असतं, मुलांनीही माहीत करून घ्यावं.

• जीन्स, प्रिंटचे टीशर्ट उलटे करून धुवा. टॉवेलला सुवासिक कंडिशनर नको, टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

• धुतलेले कपडे मशीनमध्ये रात्रभर ठेवू नका. आंबूस वास येतो आणि पावसाळ्यात तो जाता जात नाही.

• आतले कपडे उन्हात. कोणाच्या दोरीवर, कोणाच्या समोर, हा प्रश्न नंतर.

एक खोली, तीन मशीन

नुसतं 'स्वतः धुवा' म्हणून भागणार नाही, हे मलाही कळतं. तीन बादल्यांत पाणी भरायचं, चौथ्या मजल्यावरून गच्चीत न्यायचं आणि संध्याकाळी प्रॅक्टिकलहून येईपर्यंत पावसात भिजलेलं काढायचं, यात माणूस थकतो. मग बॅग घरी जाणारच. म्हणून मागणी कॉलेजांकडे करायला हवी.

प्रत्येक हॉस्टेलात एक धुण्याची खोली हवी. हिशोब अवघड नाही. एका मशीनला एका धुण्याला एक तास धरा. दिवसाचे बारा तास मशीन चाललं, तर आठवड्याला चौऱ्याऐंशी धुणी होतात. तीन मशीन असतील तर अडीचशे. म्हणजे दोनशे विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलला, प्रत्येकाचं आठवड्याला एक धुणं धरूनसुद्धा, तीन मशीन पुरतात आणि वर काही वेळ उरतो. पुढून कपडे घालायची मशीन घेतली तर पाणीही कमी लागतं. नाण्यांऐवजी क्यूआर कोड लावा, पावल्या शोधायला नकोत. एक घड्या घालायचं टेबल, चार खुर्च्या, वर छप्पर असलेल्या पण हवा खेळणाऱ्या दोऱ्या. आणि दोऱ्यांना कुठलाही हळू आवाजातला नियम नको.

चालवणार कोण? आपल्या विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. त्यातली मुलंमुली आज बागकाम करतात, ग्रंथालयात, कार्यालयात काम करतात. तासाच्या मोबदल्यावर या खोलीची देखभालही करतील. तिथे दुसऱ्याचे कपडे धुवायचे नाहीत, फक्त मशीन नीट चालतंय ना, रांग पाळली जातेय ना, एवढं बघायचं. फरक लहान वाटेल, पण सगळा मुद्दा त्यातच आहे. खोली सगळ्यांची आणि धुणं ज्याचं त्याचं.

जिमला निधी मिळतो, गेटच्या कमानीला मिळतो, सेल्फी पॉइंटलासुद्धा मिळतो. धुण्याची खोली कोणी मागितलीच नाही, म्हणून मिळाली नाही. कारण ज्यांचं धुणं घरी जातं त्यांना तिची गरज वाटली नाही आणि ज्या बादलीत धुतात त्यांनी हे आपलंच काम म्हणून गृहीत धरलं. तेव्हा या आठवड्यात एक अर्ज लिहा. रेक्टरना द्या, प्राचार्यांना द्या, विद्यार्थी परिषद असेल तर तिच्या पुढच्या बैठकीत ठेवा. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.

फक्त एक करा. त्या अर्जावर पहिल्या दहा सह्या मुलांच्या असू द्या.